सेसना १७२ : इंधन वाचवण्यासाठी कोणते बदल खरोखर उपयोगी पडतात?

गरुड :
नमस्कार. मी ओहायोत राहतो आणि माझ्याकडे १९७८ सालचे सेसना १७२ एन हे चार आसनी छोटे विमान आहे. इंजिन १६० अश्वशक्तीचे असून प्रवासाच्या वेगाला ताशी सुमारे ८ गॅलन इंधन लागते. आधीच्या मालकाने चाकांवरची आवरणे काढून ठेवली होती, ती मला खोक्यात मिळाली. ती बसवावीत, की फ्लॅप-एलेरॉनच्या (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या भागांच्या) फटी बुजवणाऱ्या पट्ट्यांवर आणि विंगलेटवर (पंखांच्या टोकांना बसवायच्या उभ्या पात्यांवर) खर्च करावा? मला वेग नको, इंधनाची बचत हवी आहे.

पाना :
आवरणे बसवा, मात्र या विमानाच्या पुस्तिकेतच त्यांचा लाभ सुमारे २ नॉट (ताशी २ सागरी मैल) सांगितला आहे. गवताच्या धावपट्टीवर उतरत असाल तर आत साचलेला चिखल वेळोवेळी काढावा लागेल.

नवे काही विकत घेण्यापूर्वी आहे ते जुळवून घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. सरळ उड्डाणात एक पंख जड वाटत असेल आणि तुम्ही एलेरॉन सतत किंचित वळवून धरत असाल, तर त्यामुळे वाढणारा हवेचा विरोध, म्हणजे रोध, प्रत्येक मैलाला इंधन खातो. १७२ मध्ये पंखाच्या मागच्या जोडापाशी असलेली विकेंद्री बुशिंग (मध्यापासून सरकलेले भोक असलेल्या धातूच्या कड्या) फिरवून हा दोष बराचसा काढता येतो. इंजिनाभोवतीच्या बॅफलचे (हवा सिलिंडरकडे वळवणाऱ्या पत्र्यांचे) रबरही तपासा, कारण ते कडक होऊन फटी पडल्या की हवा सिलिंडर थंड न करताच निसटते आणि तिला आत घेण्याचा रोध मात्र विमानाला सोसावा लागतो. वापरात नसलेले अँटेना परवानाधारक मेकॅनिककडून काढून घ्या. पट्ट्या घेणार असाल तर तुमच्या मॉडेलसाठी एफएएचे (अमेरिकी विमान नियामकाचे) एसटीसी, म्हणजे अशा बदलाला दिलेले मंजुरीपत्र, आहे ना, हे आधी पाहा.

वातकुक्कुट :
पानांचे म्हणणे पटते. विंगलेटचा उपयोग मुख्यतः चढताना आणि अधिक उंचीवर होतो. तुमच्या नेहमीच्या वेगाला पंखांच्या टोकांच्या भोवऱ्यांमुळे होणारा रोध एकूण रोधाचा लहान भागच असतो.

समजा, सगळे मिळून रोध १० टक्क्यांनी घटला. थ्रॉटल पूर्वीइतकाच ठेवलात तर वेग ३ ते ४ टक्के वाढेल आणि दर मैलाचे इंधनही तेवढेच वाचेल. जुन्याच वेगाने उडालात, तर बचत १० टक्क्यांच्या आसपास जाईल. अभियंते रॉय लोप्रेस्टी यांनी मूनी कंपनीच्या २०० अश्वशक्तीच्या विमानाचे काउलिंग (इंजिनावरचे आवरण) व पुढची काच बदलून, फटी बुजवून १९७६ मध्ये ताशी २०१ मैलांचे ‘मूनी २०१’ घडवले. तिथे उद्देश वेगाचा होता, तुमचा तसा नाही.

याशिवाय, वैमानिकी अभियंते कार्सन यांच्या नियमाप्रमाणे सर्वोत्तम ग्लाइडच्या वेगाच्या (इंजिन बंद असताना सर्वांत दूर तरंगत जाता येते त्या वेगाच्या) १.३२ पट, म्हणजे तुमच्या विमानात ६५ वरून सुमारे ८६ नॉट, हा वेळ आणि इंधन यांचा मेळ घालणारा वेग आहे. तो रुचत नसेल तर १०० नॉटवर उडून पाहा.

गरुड :
आभारी आहे. एक पंख जड वाटतो हे खरेच आहे, म्हणून आधी जुळणी करून घेतो. त्यापूर्वी आणि नंतर एकाच उंचीवर, एकाच वेगाने उडून टाकीत पुन्हा किती इंधन भरावे लागते ते मोजून इथे लिहीन.