बी विंग ग्रुप: गीझर पेटतो आणि विझतो

बी-७०२ (सकाळी ६:५२): आमचा गॅस गीझर पेटतो, आठ-दहा सेकंद जळतो की फुस्स. परत टक टक टक, परत फुस्स. डोक्याला शांपू लावून उभा आहे. कुणाला काही सुचतंय का?

बी-४०४: सेल बदला. ठिणगी पडते पण व्हॉल्व्ह धरून ठेवायला ताकद पुरत नाही.

बी-७०२: कालच बदलले. दोन्ही नवे, जाडे.

ए-१०३: 🌹 शुभ गुरुवार 🌹

बी-२०१: सिलिंडर संपत आला असेल बाळा.

बी-७०२: नाही काकू, परवाच लावलाय. मेकॅनिकला फोन केला तर न बघताच म्हणाला, सेन्सर गेलाय, बायपास करून देतो, साडेचारशे.

बी-५०३: बायपास अजिबात करू नकोस रे! ज्योत विझली की गॅस बंद करणं हेच त्याचं काम. तो काढलास तर विझल्यावरही गॅस येतच राहील. आधी सांग, बेसिनच्या नळाला चालतो का?

बी-७०२: काका, बेसिनला थोडा जास्त टिकतो. शॉवरला लगेच जातो.

बी-५०३: मग पाण्याकडे बघ. बादली लाव आणि घड्याळ बघ.

बी-७०२ (७:२०): १५ लिटरची बादली, साडेसहा मिनिटं!

बी-५०३: म्हणजे मिनिटाला सव्वादोन लिटर. तुझा गीझर सहा लिटरचा ना? पाण्याचा जोर कमी पडला की आतला पडदा मागे येतो, स्विच सुटतो, गॅस बंद. त्यात तू टाकीच्या अगदी खाली. १० मीटर उंचीला एक बार प्रेशर मिळतं, तुला जेमतेम तीन मीटर. आम्हा खालच्यांना चालतं ते तुला चालेलच असं नाही.

बी-४०४: पण महिनाभरापूर्वी चालत होता की.

बी-५०३: रविवारी टाकी धुतली ना, तेव्हाचा गाळ पाइपात उतरून अडकला असेल. गॅस बंद, पाण्याचा कॉक बंद, मग गार पाण्याच्या पाइपाचा नट पान्याने सोड. आत बोटाच्या पेराएवढी जाळी असते.

बी-७०२ (८:०५): 📷 ही बघा जाळी. वाळू, गंजाचे पापुद्रे आणि पांढरा थर. जुन्या टूथब्रशने घासली. शॉवरची चाळणीही व्हिनेगरमध्ये टाकलीय, निम्मी भोकं क्षाराने बुजलेली.

बी-७०२ (८:३१): पेटला! टिकला! बादली पावणेतीन मिनिटांत.

बी-५०३: छान. आता २० मिनिटांनी आपोआप बंद झाला तर घाबरू नकोस, तो टायमर. आणि गीझर आहे कुठे?

बी-७०२: बाथरूममध्येच. थंडी म्हणून खिडकीला पुठ्ठा लावलाय.

बी-५०३: तो पुठ्ठा आत्ता काढ. आत्ता म्हणजे आत्ता. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. डोकं जड होतं, चक्कर येते आणि कडी उघडायलाही जमत नाही. माझं ऐकशील तर गीझर ड्राय बाल्कनीत हलव.

बी-७०२: काढला काका. मेकॅनिकला बाल्कनीसाठीच बोलावतो, पण हा नको, दुसरा.

बी-२०१: जाळीचा फोटो पाहिला. स्वयंपाकाला हेच पाणी ना?

सेक्रेटरी: काकू, तो विषय रविवारच्या मीटिंगला घेऊ.

ए-१०३: जाळी नक्की कुठल्या बाजूला असते? आमचाही विझतोय.