च्यू ग्रीनला म्हणे ‘काहीच नाही’!

मूळ पोस्ट (भटका_राघव): न्यूकासलहून इतकी गाडी हाणत, स्कॉटलंडच्या सीमेलगत इंग्लंडच्या नॉर्थम्बरलंडमधल्या च्यू ग्रीनची रोमन छावणी बघायला गेलो. नुसते गवताचे उंचवटे! एकदा जेसीबी लावून सगळं उघडं करा की.

रानवारा: राघवराव, ते उंचवटे म्हणजेच छावणी! मुळासकट कापलेल्या गवताच्या चकत्या आणि माती रचून केलेले तट ते. दगडी भिंत निघणार कुठून? पहिल्या शतकात फौजा उत्तरेकडे निघाल्या तेव्हापासून तिथे तळ पडत गेले, एकाच्या अंगावर दुसरा. जेसीबी घातलात तर नुसती माती उरेल. आणि त्या बांधांलगतच केमिलपेथ हे मध्ययुगीन गाव होतं, छोट्या चॅपलसकट. त्याचा तुमच्या पोस्टीत उल्लेखही नाही. रोमन म्हटलं की बाकीची माणसं दिसेनाशी होतात का?

पुणेरी_खवचट: दहा-वीस घरांचं कौतुक ते किती!

रानवारा: घरं तुम्ही मोजलीत वाटतं? तिथून जाणाऱ्या रोमनांच्या डीअर स्ट्रीट या रस्त्यालाच पुढे गॅमल्सपाथ म्हणायचे. 1249च्या सीमा-कायद्यात इंग्लिश-स्कॉट तंटे द्वंद्वाने सोडवायच्या जागांत त्याचं नाव आहे.

माळावरची: नशीब समजा, ते ओटरबर्नच्या लष्करी सरावक्षेत्रात आहे, म्हणून नांगर फिरला नाही.

आजोळवाली: हे ‘नशीब’ कोणाचं? माझं आजोळ अशाच एका सरावक्षेत्राला लागून. सराव लागला की आजी गुरं सोडून भाकरी बांधून निघायची. विहीर आमची, पाणी भरायला परवानगी दुसऱ्याची! वारसा जपला म्हणून टाळ्या कसल्या वाजवता?

माळावरची: ताई, विषय नॉर्थम्बरलंडचा आहे.

आजोळवाली: माणसं उठली की विषय एकच असतो.

पुणेरी_खवचट: झालं, धागा हायजॅक! केमिलपेथ लष्कराने उठवलं नाही हो, ते कितीतरी आधीच ओस पडलं होतं.

आजोळवाली: मी असं म्हटलंच कुठे? वाचायला शिका आधी.

माळावरची: बरं, ‘नशीब’ हा शब्द मागे. नांगर फिरला नाही, हे मात्र मागे घेणार नाही.

भटका_राघव: जेसीबीही मागे घेतो, प्रोफेसर रानवारा. पण छावणी कुठली, गाव कुठलं, दाखवणारा एखादा धड नकाशा तरी लावा तिथे. गवत बघून शतक ओळखायची विद्या आम्हाला नाही.

रानवारा: ऊन तिरपं असताना जा, खंदकांत सावली भरते. तेवढं बिनपैशांत दिसतं.

आजोळवाली: आणि गोळीबाराचा लाल झेंडा वर असला की रेंजमधला रस्ताच बंद. मग सावली बघा गूगल मॅपवर!