‘द फॉक्स अँड द हाउंड’ला मुलांची फसवणूक म्हणणाऱ्यांना उत्तर

रानवाट

सध्या एक पोस्ट फिरते आहे. तिचा सारांश असा: जन्माचे वैरी असलेल्या प्राण्यांची दोस्ती दाखवणारे ॲनिमेशनपट मुलांच्या डोक्यात खोटा निसर्ग भरतात, आणि डिस्नीचा १९८१ चा ‘द फॉक्स अँड द हाउंड’ हा त्यातला मोठा गुन्हेगार. खाली ‘अगदी बरोबर’ म्हणणाऱ्यांची रांग लागली आहे. ते वाचून गप्प बसवेना.

पोस्टमध्ये दिलेले प्रसंग सगळे सुरुवातीचे. टॉड हा कोल्हा आणि कॉपर हा कुत्रा, दोघंही पिल्लं, लपंडाव खेळतात, पाण्यात डुंबतात, कायम मित्र राहायच्या आणाभाका घेतात. बस. पुढे काय होतं? शिकारी एमॉस स्लेड कॉपरला हिवाळाभर रानात नेतो, स्लेडचा म्हातारा कुत्रा चीफ त्याला तयार करतो, आणि वसंतात परत येतो तो पक्का शिकारी कुत्रा. टॉड रात्री भेटायला जातो तेव्हा कॉपरच सांगतो की ते दिवस संपले. मैत्री जुळते कशी यापेक्षा ती तुटते कशी यालाच हा सिनेमा जास्त वेळ देतो. बरं, शेवटी तरी दोघं एकत्र नांदतात का? टॉड व्हिक्सी या मादीबरोबर रानात, कॉपर मालकाच्या अंगणात. यात मुलांना फसवलं कुठे?

आता ‘जन्माचं वैर’. कोल्हा हे कुत्र्याचं अन्न नाही. दोघं एकाच कुळातले. लांडगा किंवा कायोटी कोल्ह्याला मारतो तो बहुधा वाटेकरी कमी करायला, कित्येकदा खातही नाही. शिकारी कुत्रा कोल्ह्यामागे लागतो कारण माणसानं पिढ्यान्‌पिढ्या त्यासाठीच पैदास केली आणि वर शिकवलं. स्कॉट आणि फुलर या अभ्यासकांनी १९६५ च्या ग्रंथात कुत्र्यांचं लहानपण तपशिलात मांडलं आहे: साधारण ३ ते १२ आठवड्यांच्या वयात पिल्लू ज्यांच्यात वावरतं, त्यांना ते आपलं मानतं. कोल्ह्याच्या पिल्लात हा काळ आखूड, सहाव्या आठवड्याच्या सुमाराला भीती सुरू होते. शास्त्रज्ञ बेल्यायेव यांनी १९५९ मध्ये रशियातल्या नोवोसिबिर्स्कला सुरू केलेल्या प्रयोगात, माणसाळू म्हणून निवडत नेलेल्या कोल्ह्यांमध्ये तो काळ लांबलेला आढळला. टॉड विधवा ट्वीडच्या घरी येतो तो अगदी तान्हा, कॉपरही नुकताच आणलेला. पुढे शरदात कोल्ह्याची पिल्लं घर सोडून पांगतात, आणि बरोबर त्याच सुमाराला पटकथा दोघांची ताटातूट करते. खोटा निसर्ग म्हणण्याआधी एवढं तरी तपासायचं.

कातरवेळ

आठवड्यांचा हिशेब बरोबर असेल, पण त्यानं सिनेमा प्रामाणिक ठरत नाही. फसवणूक झाली आहे ती चीफच्या बाबतीत. टॉडच्या मागे धावताना पुलावर आगगाडीची धडक, तिथून खाली दरीत कोसळणं, आणि पुढच्या प्रसंगात पाय बांधून कुरकुरत बसलेला चीफ! कॉपर सूडाची शपथ घेतो ती मोडलेल्या पायासाठी. उत्तरार्धाचा सगळा डोलारा त्या पायावर उभा आहे आणि तो डुगडुगतो.

डॅनियल मॅनिक्सच्या १९६७ च्या कादंबरीत चीफ गाडीखाली मरतो. तिथे कोल्ह्या-कुत्र्याची मैत्री मुळात नाहीच. शेवटी टॉड पाठलागात दमून मरतो आणि कॉपरला त्याचा मालकच गोळी घालतो. ते सगळं पडद्यावर आणा असं कुणी म्हणत नाही. पण स्टुडिओतल्या तरुण कथाकारांनीही चीफ मेल्याशिवाय कॉपरच्या द्वेषाला आधार नाही असं बजावलं होतं. सहदिग्दर्शक आर्ट स्टीव्हन्स अडून बसले. कारण काय, तर प्रमुख पात्र मारायचं नाही. याच स्टुडिओनं १९४२ मध्ये ‘बँबी’च्या आईला मारलं होतं, आणि याच सिनेमाच्या सुरुवातीला टॉडची आई गोळीला बळी पडते. मग चीफलाच अभय का?

चौकट२४

तुम्ही दोघं कथेवर भांडा. जे हरवलं त्याबद्दल कुणी बोलतच नाही: हे प्राणी चार पायांवर चालतात! आताच्या कौटुंबिक ॲनिमेशनमध्ये वाघ असो की ससा, अंगात कोट घालून दोन पायांवर उभा. शत्रुत्व शरीरात दिसत नाही, फक्त संवादात ऐकू येतं.

चार पायांची चाल काढणं अवघड आहे म्हणून ही पळवाट. कुत्र्याची साधी चाल चार ठोक्यांची: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. दुडक्या चालीत कर्णातले पाय एकत्र पडतात, आणि कोल्ह्याचा मागचा पंजा पुढच्याच्याच ठशात बसतो, म्हणून बर्फात एकेरी माळ उमटते. नवशिके हमखास चुकतात ते सांध्यांत. पुढच्या पायात मध्यावर दिसतं ते मनगट, त्याला गुडघा समजून उलटं वाकवतात. मागच्या पायात उलटा गुडघा वाटते ती टाच. शिवाय खांद्याचं पातं हाडानं छातीला जोडलेलं नसतं, ते स्नायूंवर सरकतं. कुत्रा नाक जमिनीला लावून माग काढतो तेव्हा हे पातं पाठीच्या रेषेच्या वर येतं. ते आलं नाही की वजन पुढच्या पायांवर पडत नाही आणि जनावर तरंगतं.

या सिनेमाचे सुरुवातीचे प्रसंग फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या जुन्या दिग्गजांच्या हातून आकाराला आले. सप्टेंबर १९७९ मध्ये ॲनिमेटर डॉन ब्लूथ सहकाऱ्यांना घेऊन बाहेर पडला, १९८० च्या नाताळाचं प्रदर्शन जुलै १९८१ वर गेलं, तरी चालीत कसूर नाही. आज संगणक असून ही अवस्था!

रिगवाला

‘संगणक असून’ हे वाक्य काढा. संगणक चालवत नाही, माणूसच चालवतो. संगणकातल्या प्राण्याला हलवायला जो त्रिमित सांगाडा (रिग) असतो त्यात खांद्याच्या पात्याला वेगळा नियंत्रक देतात, मणक्याला देतात, पंजाच्या बोटांनाही देतात. चूक होते तिचं कारण बहुतेक वेळा साधं गणित असतं. समजा चालीचं आवर्तन, म्हणजे चारही पाय एकदा पडून होईपर्यंतची हालचाल, १६ चौकटींचं (फ्रेमचं) आहे आणि त्यात पावलांची झेप ६० सेंटीमीटर. धड प्रत्येक चौकटीत ३.७५ सेंटीमीटर पुढे जायला हवं. कुणी घाईत ५ ठेवलं की धड ८० जातं, पावलं ६० ची, आणि दर आवर्तनात पंजा जमिनीवरून २० सेंटीमीटर घसरतो. प्रेक्षकाला आकडा कळत नाही, पण जनावर बर्फावर असल्यासारखं दिसतं. उपाय हा की आधी पंजे रोवायचे आणि धड त्यांच्या मागून हलवायचं.

हातानं काढलेल्या चित्रपटांत हा त्रास नव्हता असं भासवू नका. तिथे पंजे उंच गवतात नाहीतर पडद्याच्या खालच्या कडेबाहेर दडवायची जुनी युक्ती आहे. आणि दोन पायांवर उभं करणं म्हणजे पळवाट हे मला अजिबात मान्य नाही. २०१६ च्या ‘झूटोपिया’त ससा आणि कोल्हा उभे चालतात, पण शहरात उंदराएवढ्यांची दारं वेगळी आणि जिराफाएवढ्यांची वेगळी. भक्ष्य कोण नि भक्षक कोण, हे आकारातून सतत दिसत राहतं.

चौकट२४

आकार म्हणजे शरीर नव्हे. कोल्हा बिचकला की आधी कान फिरतात, मग वजन मागच्या पायांवर जातं, शेपटी खाली येते. त्यानंतर तो पळतो किंवा दात दाखवतो. दोन पायांवर उभा केला की ही सगळी साखळी तुटते आणि उरतात भुवया. जन्माच्या वैऱ्यांची गोष्ट सांगायची आणि वैर व्यक्त करणारे अवयवच काढून घ्यायचे, हे मला सहन होत नाही.

आणि श्रमाचं बोला. सेकंदाला २४ चौकटी. सावकाश हालचालीत एक चित्र दोन चौकटी धरता येतं, पण धावताना आवर्तन ८ ते १२ चौकटींतच संपतं. तिथे चित्र दोन चौकटी धरलं की पाय टणाटण उड्या मारतात, प्रत्येक चौकटीला नवं चित्र लागतं. कोल्हा पुढे, कुत्रा मागे, असा १० सेकंदांचा पाठलाग म्हणजे ४८० चित्रं, तीही फक्त कच्ची. कॉपरचे कान आणि गालांची लोंबती कातडी डोक्याच्या दोन-तीन चौकटी मागून पोचायला हवी, नाहीतर ती पत्र्याची वाटते. एवढं करून त्यांनी पाठलाग उभा केला. गवतात पंजे लपवण्याची गोष्ट मला सांगू नका.

रिगवाला

मग तुम्हीच कबूल करताय की अडचण कष्टांची आहे, साधनाची नाही. संगणकाला नावं ठेवून सुरुवात कुणी केली? शेवटच्या अस्वलाच्या झुंजीपुरतं तुमचं खरं. ॲनिमेटर ग्लेन कीननं ती ज्या जोरानं काढली आहे, अस्वलाचं वजन प्रत्येक फटक्यात जसं खाली येतं, तसं त्रिमितीत क्वचित पाहायला मिळतं. पण ते कीनच्या हाताचं श्रेय. कागदाचं नव्हे.

पोथीवाचक

चालीवरून परत मुद्द्यावर या. वैऱ्यांची मैत्री कशी सांगायची हे शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला सांगून गेले आहेत. लोमश मांजर जाळ्यात अडकतं. पलित उंदराला एकीकडे हरित मुंगूस आणि दुसरीकडे चंद्रक घुबड टपलेलं दिसतं. पलित मांजराशी करार करतो, त्याच्याच पोटाशी दडतो, पण जाळं मात्र सावकाश कुरतडतो. शेवटचा धागा तोडतो तो पारधी अगदी जवळ आल्यावर, म्हणजे सुटलेल्या मांजराला उंदराकडे बघायची फुरसतच मिळू नये. संकट टळल्यावर लोमश गोड बोलून बोलावतो. पलित बिळातून उत्तर देतो की कारण संपलं, मैत्री संपली.

मुलांना हे समजतं. इथे कुणी खलनायक नाही, कुणी रडत नाही, आणि निसर्गही बदलावा लागत नाही. ‘कायम मित्र’ या शब्दावर सिनेमा संपवण्यापेक्षा हे कितीतरी सरळ आहे.

रानवाट

पलित-लोमश उत्तम, पण इथे लागू नाही. उंदीर हा मांजराचा घास आहे, टॉड कॉपरचा घास नाही. आणि शेवट पुन्हा बघा. स्लेड स्वतःच्याच सापळ्यात अडकला आहे, बंदूक हाताला येत नाही, कॉपर अस्वलाच्या पंजाखाली. टॉड तोवर निसटला आहे. पळून जाण्यात त्याचा फायदा आहे, तरी तो मागे फिरतो. करारातला उंदीर हे कधीच करणार नाही. म्हणून ‘कायम मित्र’ हे शब्द शेवटी पिल्लांच्या आवाजात ऐकू येतात तेव्हा ते भविष्याचं आश्वासन राहत नाहीत. जे होतं त्याची ती आठवण असते.

चीफबद्दल. सिनेमा ८३ मिनिटांचा आहे. चीफ मेला असता तर स्लेडच्या बंदुकीच्या नळीसमोर टॉडला पाठीशी घालण्यापूर्वी कॉपरला गुरूच्या मरणाचा हिशेब मनात मिटवावा लागला असता. एका झुंजीत तो मिटत नाही. मोडलेला पाय माफ करता येतो.

कातरवेळ

हा युक्तिवाद सोयीचा आहे. द्वेषच हलका केला म्हणून क्षमाही हलकी झाली, आणि तुम्ही तिलाच तोल म्हणताय. दुरुस्ती अवघड नव्हती: चीफ दरीत पडतो, स्लेड एकटा परत येतो, चीफ राहतो ते पिंप रिकामं. पाय बांधलेल्या चीफचे विनोदी प्रसंग गळले असते, त्यांची मिनिटं कॉपरला देता आली असती. कॉपर बंदुकीच्या आड उभा राहतो आणि हटत नाही, तो क्षण जवळजवळ संवादाशिवाय काढला आहे आणि अप्रतिम आहे, एवढं मी देतो. त्याच्या मागे खरं मरण असतं तर तो आणखी मोठा झाला असता.

ओलीमाती

निसर्गाची खरी चूक कुणाच्याच लक्षात आलेली नाही. ट्वीड टॉडला मोटारीतून अभयारण्यात नेते, गळपट्टा काढते आणि निघून येते. हातावर वाढलेल्या कोल्ह्याला असं सोडणं म्हणजे उपासमारीला सोडणं. त्याला सोडायच्या जागीच पिंजऱ्यात काही आठवडे ठेवावं लागतं, माणसाचा संपर्क हळूहळू तोडावा लागतो, अन्न शोधायला लावावं लागतं, दार उघडल्यावरही काही दिवस तिथे खाणं ठेवावं लागतं. शिवाय ती जागा दुसऱ्या कोल्ह्याच्या हद्दीत असेल तर पहिल्याच रात्री हुसकावला जातो. आणि व्हिक्सी? लाल कोल्ह्यांची जोडी जमते हिवाळ्यात, पिल्लं होतात सुमारे ५२ दिवसांनी, वसंतात. इथे हिरव्यागार रानात पहिल्याच भेटीत सहा पिल्लांच्या गप्पा! लहान मूल यातून हे शिकतं की पाळलेलं रानटी जनावर नकोसं झालं की जंगलात नेऊन सोडावं. मूळ पोस्टवाल्यानं हे लिहिलं असतं तर मी त्याच्या बाजूनं उभी राहिले असते.

रानवाट

सोडण्याच्या पद्धतीबद्दल तुमचं म्हणणं मान्य करावंच लागेल. पण सिनेमा तो प्रसंग सुखाचा म्हणून दाखवत नाही. रात्री पाऊस आहे, बिळातला बिज्जू हाकलून देतो, आसरा साळिंदराकडे मिळतो. टॉडला साधा मासा धरता येत नाही. सोडल्यावर जनावराचे हाल होतात हे त्यात आहे. आणि कातरवेळ, तुम्ही मरण शोधताय, पण या सिनेमातला सर्वांत जड प्रसंग हाच, आणि त्यात कुणीही मरत नाही.

कातरवेळ

जड आहेच. म्हणूनच विचारतो: तो पेलण्याचं धाडस होतं, तर पुलावर का कचरले? चीफवर मी हटणार नाही.

ओलीमाती

आणि मी पिंजऱ्यावर. दाखवायचा असेल तर मुलांना तिथे थांबवून सांगा की कोल्ह्याला असं सोडत नाहीत.