दवाखान्यातल्या रात्री आणि गाणी : तुमच्या घरचे अनुभव सांगा

निशिगंध
काल माळ्यावरची बॅग काढली तर आतल्या कप्प्यात आईच्या ॲडमिशनच्या वेळचा पास, चिकटपट्टीचा अर्धा रोल आणि भाचीचा निळा स्पीकर निघाला, साबणाच्या वडीएवढा. हातात घेतला आणि त्या नऊ रात्री परत समोर उभ्या राहिल्या, म्हणून लिहितेय.

२०१९ चा श्रावण. आई ८१ ची, न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं पण तिसऱ्या रात्री ती आमची आई राहिलीच नाही. तिन्हीसांजा झाल्या की सुरू, "वासरू सोडा, धार काढायची राहिलीय", सलाईनची सुई ओढायची, मला म्हणायची "तुम्ही कोण बाई, माझ्या मुलीला बोलवा". मी तिचीच मुलगी, हात धरून उभी. गुंगीचं औषध दिलं की दिवसभर ग्लानीत आणि रात्री टक्क जागी. डॉक्टर म्हणाले डिलिरियम म्हणतात याला, म्हातारपणी ऑपरेशननंतर होतं, झोप लागायला लागली की निवळेल. पण लागणार कशी? अकराला ट्यूबलाईट, बाराला इंजेक्शन, शेजारच्या पंपाचं टीं टीं, पहाटे पाचला रक्त घ्यायला माणूस हजर.

चौथ्या रात्री नाईटच्या सिस्टरनी विचारलं, "अम्मा घरी काय ऐकून झोपते?" केरळच्या होत्या, मराठी मोडकं पण माया भरपूर. आणि मला सांगता येईना हो! इतकी वर्षं एका घरात राहून. मग आठवलं, १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं तेव्हा आई १७ ची, गावात एकच रेडिओ, त्या ओसरीवर अख्खी आळी बसायची, दर आठवड्याला नवीन गाणं, वर्षभर. हे ती आम्हाला शंभरदा सांगायची.

फोनवर लावलं, स्पीकर उशीपाशी, आवाज इतका बारीक की दोन हातांवर मला ऐकू येईना. पहिलं गाणं संपेपर्यंत हात सुईकडेच जात होता. दुसऱ्याला चादरीवर बोटं हलायला लागली, तालात. चौथ्याला बोटं थांबली. अडीच तास सलग झोपली. मी बाहेर पाण्याच्या फिल्टरपाशी जाऊन रडून घेतलं. मग रोज साडेनऊला तेच. सातव्या दिवशी सकाळी म्हणाली "तू जेवलीस का गं?" बास.

गाण्यानेच झालं असं नाही म्हणत, सोडियम कमी झालेलं तेही त्याच दिवसांत वर आलं. पण त्या रात्री तिला टेकायला काहीतरी मिळालं एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्याकडे कुणाला असा अनुभव?

बाबूराव_नाशिक
ताई डोळ्यात पाणी आणलंत. दुकानात बसून वाचतोय, गिऱ्हाईक आलंय, रात्री लिहितो

रेवती_क
आमचं उलटं झालेलं ते सांगते म्हणजे कुणी करू नये. आजोबा आयसीयूमधून रूममध्ये आले, मामीने भक्तिभावाने विष्णुसहस्रनाम लावलं. आजोबा थोडा वेळ गप्प, मग माझ्या बाबांना जवळ बोलावून हळूच विचारलं, "माझं आटोपलं का रे? खरं सांग." आमच्याकडे शेवटच्या दिवसांत तेच लावतात ना, त्यांच्या आईच्या वेळी त्यांनीच लावलेलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, छातीत धडधड, पुन्हा ईसीजी. दुसऱ्या दिवशी त्यांना विचारूनच नाट्यपदं लावली, तरुणपणी बालगंधर्वांना ऐकल्याचा फार अभिमान त्यांना. तेव्हा कुठे चेहरा सैल झाला. भजन चांगलं की नाट्यपद चांगलं हा प्रश्नच नाही, त्या माणसाला त्या गाण्यात काय दिसतं ते बघायला हवं. मामीला बिचारीला अजून वाईट वाटतं, तिचा हेतू सोन्यासारखा होता

निशिगंध
अगं बाई. हे माझ्या डोक्यातच आलं नसतं रेवती. मामींना सांग कुणाच्याही हातून झालं असतं

शंभू_परळ
सरकारी हॉस्पिटलचा जनरल वॉर्ड, वडील दमेकरी, एका ओळीत चौदा खाटा आणि दोन खाटांमध्ये आम्ही खाली सतरंजीवर. तिथे गाणं म्हणजे त्रासच, एक नातेवाईक रात्री एक वाजेपर्यंत मोबाईलवर मोठ्याने व्हिडिओ बघायचा, वडील म्हणायचे त्याला उठवून सांग, मी सांगितलं तर भांडण. शेवटी वॉर्डातल्या मामांनी फोन काढून घेतला सकाळपर्यंत 🙏 पण नऊ नंबरला एक वारकरी बाबा होते, पायाला जखम शुगरची. ते नवाच्या सुमारास बसल्या जागी हरिपाठ म्हणायचे, पुटपुटल्यासारखा, टाळ नाही काही नाही, मांडीवर हात आपटून. पहिल्या दिवशी कुणी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी समोरची आजी सोबत म्हणायला लागली तोंडातल्या तोंडात आणि मी बघितलं की आमच्या ओळीतली खोकला सोडून बाकी सगळी हालचाल बंद. वडिलांचा श्वास पण संथ व्हायचा, मशीनवर आकडा दिसायचा मला. बाबांना डिस्चार्ज मिळाला तेव्हा वॉर्डला चुकल्यासारखं झालं. वडील म्हणाले आता नऊ वाजलेले कळणार कसे

निवृत्त_सिस्टर
३४ वर्षं नोकरी, त्यातली निम्मी नाईट. निशिगंधच्या त्या सिस्टरना माझा नमस्कार, विचारलं तिथेच अर्धं काम झालं. लोक गाणं लावतात आणि बाकीचं विसरतात म्हणून सांगते.

आधी विचारा दुखतंय का, लघवी लागलीय का, थंडी वाजतेय का. ठणकत असेल तर वेदनेचं औषध आधी, गाणं मग. कानाचं मशीन रात्री काढून ड्रॉवरमध्ये ठेवतात आणि वर गाणं लावतात, पेशंटला ऐकूच जात नाही! आणि वयाबरोबर बारीक टिपेचा आवाज आधी जातो, म्हणून खर्जातला, भरीव आवाज, संथ चाल, वाद्यांचा गोंगाट नको. इयरफोनची वायर सलाईनच्या नळीत अडकते, गोंधळलेल्या पेशंटला कानात काही घातलेलं सहन होत नाही, त्यापेक्षा उशीजवळ लहान स्पीकर. ४०-४५ मिनिटांनी आपोआप बंद होईल असं लावा, रात्रभर चालू ठेवू नका. मधे जाहिरात आली की पेशंट दचकतो, म्हणून डाऊनलोड करून ठेवा. चष्मा हाताशी, घड्याळ समोर दिसेल असं, दिवसा खिडकीचा पडदा उघडा. आणि शेजारच्या खाटेला विचारल्याशिवाय काहीही लावू नका.

हॉस्पिटलभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं, रात्री ४० डेसिबलची मर्यादा, २००० सालचा नियम आहे. डब्ल्यूएचओ तर वॉर्डात रात्री ३० म्हणतं. आणि आमच्या वॉर्डातली ड्रेसिंगची ट्रॉली! चाक असं करकरायचं की मेलेलं माणूस उठेल. तीनदा अर्ज केला. शेवटी मी घरून खोबरेल तेलाची बाटली आणून दर सोमवारी चाकांना घालायचे, स्टीलच्या ट्रेमध्ये गॉजची घडी अंथरायचे म्हणजे कात्री वाजत नाही. म्हाताऱ्या माणसाला एकदा जाग आली की दोन तास गेले. गाणं लावायचं ते शांतता केल्यावर

रेवती_क
सिस्टर हे सेव्ह करून ठेवलंय. खोबरेल तेल 🙏🙏

पेडण्याची
आमच्या गोव्यात गणेशचवथीला पपा हॉस्पिटलात, हार्टचं. ५० वर्षांत पहिल्यांदा घरच्या आरतीला ते नाहीत. आरतीत घुमट, म्हणजे मातीच्या मडक्याचं वाद्य, वाजवायचे ते, हात असा की सोबतचा समेळवाला (समेळ म्हणजे ढोलकासारखं वाद्य) त्यांच्याकडे बघून वाजवायचा. भावाने घरची आरती रेकॉर्ड करून पाठवली, मी कमी आवाजात लावली. झोप बीप काही नाही हां, खोटं कशाला सांगू, उलट दोन तास जागे! पण खाटेच्या लोखंडी दांडीवर बोटांनी घुमट वाजवत होते, मधेच म्हणतात "थंय चुकलो तो" (तिथे चुकला तो). त्या आधी चार दिवस बोलत नव्हते जेवत नव्हते. आरती झाल्यावर पेज मागितली. पेज आणि लोणच्याची फोड, फोड दिली नाही मिठामुळे, त्यावरून रागावले. रागावले म्हणून मम्मी एवढी खूश

बाबूराव_नाशिक
पेजेवरून आठवलं आमच्या अण्णांना मेतकूट भात चालतो का विचारलं तर डाएटिशियन बाईंना मेतकूट माहीतच नव्हतं. मग पूर्ण कृती सांगितली त्यांना उभ्या उभ्या

पेडण्याची
कृती इथे पण टाका की

बाबूराव_नाशिक
बायकोला विचारून टाकतो, प्रमाण तिच्याकडे

मिहीर_एडिनबरा
इथे वृद्धांच्या वॉर्डात काम करतो. स्कॉटलंडमध्ये प्लेलिस्ट फॉर लाइफ म्हणून संस्था आहे, सॅली मॅग्नुसन यांनी २०१३ मध्ये सुरू केली, आईच्या डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) अनुभवातून. कल्पना साधी, प्रत्येकाची स्वतःची गाण्यांची यादी, त्याच्या आयुष्याला चिकटलेली. कोक्रेन, म्हणजे वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणारी संस्था, तिचा २०२२ चा आढावा पण वाचलाय, १३ चाचण्या, हजारभर माणसं, निद्रानाश असलेली. संगीत ऐकून झोप सुधारल्याचं त्यांनी स्वतः सांगितलं. ती माणसं हॉस्पिटलात ऑपरेशन होऊन पडलेली नव्हेत, तेव्हा सरसकट तसंच होईल असं मी म्हणणार नाही, पण झोपेच्या गोळीने तोल जाऊन पडण्याची भीती असते ती यात नाही.

आमच्याकडे एक मराठी काकू होत्या, स्ट्रोकनंतर इंग्रजी पूर्ण गेलेलं, ४० वर्षं इथे राहून. रात्री हाका मारायच्या, कुणाला कळायचं नाही. मी ड्यूटी संपवून ओव्या म्हटल्या, आजीच्या जात्यावरच्या, मला दोनच येतात त्यांतली एक अर्धी. काकूंनी उरलेली अर्धी पूर्ण केली. बोलता येत नव्हतं पण ओवी आली. माझा हात धरून ठेवला झोपेपर्यंत, बस चुकली माझी, चालत घरी गेलो

शंभू_परळ
मिहीरदादा 🙏

एसटीवाला_पोरगा
सगळ्यांचं वाचलं. बाबा आत्ता ॲडमिट आहेत, उद्या सकाळी बायपास. कॉरिडॉरमधून टाईप करतोय. वय ७६, एसटीत ड्रायव्हर होते. झोप नाही, दर पाच मिनिटांनी उठून विचारतात किती वाजले. काय लावू? ते गाणी ऐकत नाहीत कधी

निवृत्त_सिस्टर
घाबरू नका. आधी सिस्टरना विचारा लावू का म्हणून. आणि बाबांना विचारा, ड्यूटीवर असताना रात्री काय करायचे?

निशिगंध
हो, मुक्कामी गाडी असेल तेव्हा गावात काय करायचे ते विचार रे

एसटीवाला_पोरगा
विचारलं. म्हणे मुक्कामाच्या गावी गाडीतच झोपायचो मागच्या बाकावर, कंडक्टरचा ट्रान्झिस्टर असायचा, विविध भारती. दहाला छायागीत लागलं की पडायचं, पहाटे साडेपाचची फेरी असायची. हे मला आज कळलं. ३८ वर्षांचा आहे मी

मिहीर_एडिनबरा
न्यूज ऑन एअर ॲपवर विविध भारती लाईव्ह मिळेल. तुमच्याकडे दहाला पाच कमी असतील आत्ता, लाव पटकन

एसटीवाला_पोरगा
सिस्टर हो म्हणाल्या, फक्त बारीक ठेवा म्हणे. शेजारच्या काकांना विचारलं तर ते म्हणाले इकडे पण थोडं येऊ द्या

पेडण्याची
देव बरें करूं. पपांना पण सांगते तुझ्या बाबांबद्दल

बाबूराव_नाशिक
मेतकूट : चण्याची डाळ १ वाटी, तांदूळ अर्धी, उडीद डाळ अर्धी, गहू पाव, जिरं धणे हळद हिंग सुंठ अंदाजाने. सगळं वेगवेगळं भाजायचं. बायको म्हणते मंद आचेवर, घाई नाही. आणि पोरा, बाबांचं काय झालं सांग

एसटीवाला_पोरगा
दुसऱ्या गाण्याला विचारलं "गाडी लावली ना नीट?" मी म्हटलं हो, लावली. आता घोरतायत. शेजारचे काका पण. मोबाईल ९ टक्के आहे, चार्जरचा पॉइंट बेडमागे आहे, हलवलं तर उठतील

निवृत्त_सिस्टर
राहू दे तसंच. नर्सिंग स्टेशनवर चार्जर असतो, माग. तू पण पड जरा