डायबेटिसची जखम ग्रीन टीने भरते का?

निवांत_०७: बाबांना बरीच वर्षं शुगर आहे, पायाच्या अंगठ्याखाली जखम झालीये, दुखत नाही म्हणून ते बिनधास्त चालतात आणि ती काही भरायचं नाव घेत नाही. कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलंय की ग्रीन टीने अशा जखमा भरतात, आता म्हणतायत गार ग्रीन टीने धुऊ आणि अर्काच्या गोळ्या पण मागवू. यात तथ्य आहे का?

पट्टीवाली ताई: थोडं आहे. ग्रीन टीत कॅटेचिन नावाची नैसर्गिक द्रव्यं असतात, त्यातलं मुख्य म्हणजे ईजीसीजी. शुगरवाल्यांची जखम सुजेच्या टप्प्यातच अडकून बसते, नवीन मांस धरत नाही, आणि डायबेटिसवाल्या उंदरांना ईजीसीजी लावल्यावर ती सूज उतरून कोलाजेन (कातडीला बळ देणारं प्रथिन) चांगलं धरलेलं दिसलंय. पण ते शुद्ध केलेलं, मोजून जेलमधून वगैरे लावलेलं असतं, कपातला चहा नाही तो! शिवाय उंदराची जखम बरीचशी कातडी आक्रसून मिटते, आणि असते पाठीवर, त्यावर तो चालत नाही. बाबा चालतायत.
दुखत नाही हीच खरी काळजीची गोष्ट आहे, नसा बधिर झाल्यात म्हणून दुखत नाही. त्या जागेवरचा भार काढल्याशिवाय काहीही लावा, भरणार नाही. प्लास्टर किंवा खास बूट देतात त्यासाठी. पायाचा रक्तपुरवठा तपासलाय का? घोट्याचं आणि दंडाचं बीपी घेऊन ताडून बघतात. चहाने धुवू नका, तो काही निर्जंतुक नसतो, सलाइनने धुवा. लाली, वास, पू, ताप यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

खटपट्या: पण ग्रीन टीचं मलम अमेरिकेत पास झालंय ना?

पट्टीवाली ताई: हो, एफडीएने २००६ मध्ये पास केलं, पण ते गुप्तांगावरच्या चामखिळींसाठी. उघड्या जखमेवर लावू नका असं त्याच्या माहितीपत्रकातच आहे.

साधा_माणूस: गोळ्या तर अजिबात नको. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलंय की सप्लिमेंटमधून रोज ८०० मिग्रॅ किंवा जास्त ईजीसीजी गेलं तर रक्तात लिव्हरचे एन्झाइम वाढू शकतात, म्हणजे लिव्हरला त्रास होत असल्याची खूण. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ग्रीन टी पण एकदम वाढवू नका.

निवांत_०७: गोळ्या कॅन्सल. रक्तपुरवठा कुणी तपासलाच नाहीये, उद्याच नेतो. बाबा विचारतायत प्यायला तरी देणार ना?

पट्टीवाली ताई: द्या की, फक्त साखर-मध नको. हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवणाबरोबर नको, लोह नीट शोषलं जात नाही. आणि कप त्यांच्या हातात नेऊन द्या, त्यासाठी उठून स्वयंपाकघरात चालत जायला लावू नका 😀