टाइल्स घेताना बॅच नंबर आणि बाथरूमचा उतार

ताई, तुम्ही विचारलंय की हॉलला आणि बाथरूमला एकच ग्लॉसी २ बाय ४ फुटांची टाइल चालेल का. हॉलला खुशाल लावा, पण बाथरूमला खाली प्लीज नको. साबणाचं पाणी पडलं की पाय सटकतोच, आणि घरात सासूबाई आहेत म्हणताय. शिवाय एवढ्या मोठ्या टाइलला जाळीकडे उतार नीट काढता येत नाही, मग कोपऱ्यात पाणी साचून राहतं, तिथे १ बाय १ ची मॅट अँटीस्किडच बरी. भिंतीला साधी सिरॅमिक चालते पण ती पाणी शोषते, तीच जमिनीला लावू नका, खाली व्हिट्रिफाइडच घ्या, ती अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही.

आणि मोजून तेवढीच घेऊ नका हो! आम्ही नेमकी घेतली, शेवटी एक बॉक्स कमी पडला, तोच डिझाइन नंबर सांगून परत आणला तर बॅच, म्हणजे एका वेळी बनलेला लॉट, वेगळी निघाली आणि रंगात फरक पडला. देवघरासमोरच्या चार लाद्या आजही पिवळसर दिसतात, संध्याकाळी दिवा लावला की जास्तच. बॉक्सवर शेड आणि बॅच नंबर छापलेला असतो, गाडीतून उतरवतानाच प्रत्येक बॉक्सचा बघा. दहा टक्के जास्त घ्या, उरलेल्या जपून ठेवा, उद्या पाइप फुटून फरशी फोडावी लागली तर त्याच कामी येतात.

मिस्त्री गेल्यावर नाण्याने प्रत्येक टाइल वाजवून बघा, पोकळ आवाज आला म्हणजे खाली माल नीट भरलेला नाही, तर पैसे द्यायच्या आधीच बदलून घ्या.