आरव्हीची साइट: आधी लांबी आणि ऊन बघा

आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर, घेऊन अमेरिकेतल्या स्टेट पार्कात मुक्कामाला जाताना स्वच्छतागृहाला लागून साइट (गाडी लावायची जागा) घ्या असं कुणीतरी सुचवलंय. तंबूवाल्यांना ते सोयीचं. पण आरव्हीत स्वतःचं बाथरूम असताना रात्रभर डोळ्यांवर स्वच्छतागृहाचा दिवा आणि दारांची आदळआपट कशाला?

मी आधी साइटची लांबी बघते, ट्रेलर आणि ओढणारी गाडी दोन्ही धरून. मग दिशा. अमेरिकेतल्या आरव्हीचं ऑनिंग (बाहेर उघडणारं कापडी छत) बहुधा उजव्या बाजूला उघडतं, विजेची जोडणी डावीकडे. उजवी बाजू पश्चिमेला आली की चहाच्या वेळी ऊन थेट तोंडावर! पार्कच्या नकाशावरून हे घरबसल्या कळतं. झाडं हवीतच, पण फांद्या छपराला घासतील इतकी खाली नकोत.

मिशिगनच्या स्टेट पार्कांत बुकिंग ६ महिने आधी उघडतं. लडिंग्टनसारख्या पार्कात उन्हाळ्यातले शनिवार-रविवार हवे असतील तर बुकिंग उघडेल त्याच सकाळी बसा. तिथल्या पार्कांत वीज सहसा मिळते, सांडपाण्याची जोडणी क्वचितच, तेव्हा निघताना डंप स्टेशनसाठी (सांडपाण्याची टाकी रिकामी करायची जागा) वेळ ठेवा.

आणि पोचलात की संध्याकाळी सगळ्या लूपमधून (साइटच्या गोल रस्त्यांवरून) पायी फेरी मारा, आवडलेल्या साइटचे नंबर लिहून घ्या. पुढच्या वर्षी तीच वही कामाला येते.